ज्वारीच्या दाण्याने अडवलेली घटका

मी एक जुना तांब्याचा वाडगा आहे, आणि माझ्या बुडाला भोक आहे. हसलात ना? हसा, मित्रांनो, खुशाल हसा. इतर भांड्यांना भोक पडले की ती मोडीत जातात. मला भोक पाडले तेव्हा कुठे माझा जन्म झाला. पाण्यावर तरंगायचे, भोकातून हळूहळू पाणी आत घ्यायचे आणि बरोबर एका घटकेने, म्हणजे चोवीस मिनिटांनी, बुडायचे, हे माझे काम. म्हणून मला घटिकापात्र म्हणतात. बुडाल्याबद्दल शाबासकी मिळवणारा माझ्यासारखा दुसरा कोणी तुम्हाला ठाऊक असेल तर जरूर सांगा.

बीडच्या धुळाजी तांबटांनी मला ठोकून ठोकून पातळ केले आणि बारीक सुईने भोक पाडले. पहिल्यांदा मी फारच घाईने बुडालो. धुळाजींनी भोकाची कड हातोडीने हलकेच दाबली. मग मी इतका रेंगाळलो की त्यांची चिलीम विझली तरी मी आपला तरंगतच. पुन्हा सुई, पुन्हा हातोडी. अखेर ते म्हणाले, "आता कसं शाण्यावानी बुडतंय!" त्या दिवसापासून मी शहाणा झालो तो आजतागायत.

आंबेजोगाईचे त्रिंबक जोशी मला विकत घेऊन गेले. पंचक्रोशीत लग्न कोणाचेही असो, माझ्यावाचून अडायचे. मांडवात पाण्याने भरलेल्या घंगाळात मला सोडायचे. मी बुडालो की जोशीबुवा "सावधान!" म्हणून गर्जायचे, वाजंत्री सुरू व्हायची आणि वऱ्हाडी अक्षता उधळायचे. आमच्याकडे अक्षता तांदळाच्या नसतात बरे का. हळदीकुंकवाने रंगवलेली ज्वारी असते. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचे सारे महाभारत त्या ज्वारीनेच घडवले.

ते निजामाचे दिवस होते. आमच्या मुलखाला मोगलाई म्हणत आणि पुण्याकडच्या मुलखाला इंग्रजी. हैदराबादेत नवे विद्यापीठ निघून थोडीच वर्षे झाली होती. आमच्या गावचे सुंदरराव देशमुख मोठे जमीनदार, पण त्यांना नाद होता गणिताचा. लोक कुस्त्यांचा फड भरवतात, तसा यांनी गणिताचा फड भरवायचे ठरवले. कॉलेजात शिकणाऱ्या मुलांनी यावे, कुठल्याही राज्यातून यावे, अशी इंग्रजी वर्तमानपत्रात जाहिरातसुद्धा दिली. गावाला वाटले, मालकांचे डोके फिरले. पण मुले आली! हैदराबादेची आली, पुण्याची आली, म्हैसूरची आली, आणि एक तर थेट समुद्रापलीकडून, लंकेतल्या कोलंबोहून आला. त्याचे नाव गुणसेकरा.

लंकेचा माणूस येणार म्हणून अर्धे गाव वेशीवर गेले होते. गाडीतून उतरला एक काडीसारखा, चष्मेवाला, लाजरा पोरगा.

"ह्यो लंकंचा? आन् दहा तोंडं कुठं हायती?" एकाने विचारले.

"एका तोंडानं इतका शिकलाय," दुसरा म्हणाला, "दहा असती तर आपल्याला जागा राह्यली असती का?"

आमच्या बाजूने होता पाली गावचा उत्तरेश्वर. हैदराबादेत शिकत होता, तेही उर्दूतून. त्याचे वडील आश्रुबा शेतकरी, पण त्याआधी नावाजलेले पैलवान. मुलाने आणखी दोन वर्षे शिकायचे म्हटल्यावर त्यांनी एकच अट घातली होती. ती त्यांनी फडाच्या दिवशी घंगाळाशेजारी उभे राहून पुन्हा सांगितली, म्हणून माझ्या कानावर पडली.

"हे बघ, जितलास तर हैदराबाद. हारलास तर उद्या माझ्यासंगं गाडीत बसायचं आन् औत धरायचं. पुन्हा कुरकुर न्हाई."

"न्हाई आबा," उत्तरेश्वर म्हणाला. मला त्या पोराची फार दया आली.

आता तुम्ही विचाराल, गणिताच्या फडात माझे काय काम? सुंदररावांनी खास मोठे घड्याळ मागवले होते, पण घाटात गाडी खड्ड्यात आदळली आणि त्याची कमान तुटली. सुंदररावांनी खिशातले घड्याळ काढले. पंच म्हणून आलेले पुण्याचे प्राध्यापक म्हणाले, "यजमानाच्या खिशातले घड्याळ? उद्या पाहुण्यांनी बोल लावला म्हणजे?" सुंदरराव म्हणाले, "मग तुमचंही नको." दोघेही मानी. शेवटी कोणाच्याच खिशात न मावणारे घड्याळ आणायचे ठरले, आणि शाळेच्या मोठ्या खोलीत घंगाळासह माझी स्वारी दाखल झाली. सुंदररावांनी जोशीबुवांना बजावले, "इथं लग्न नाही. पूजा नाही, मंगलाष्टक नाही. फक्त वाडगा सोडायचा." मला ते जरा झोंबले, पण म्हटले, असो.

सगळ्यांतून निवडून दोघे उरले, गुणसेकरा आणि उत्तरेश्वर. दोघांना तीच पाच गणिते. एकाने फळ्यावर सोडवायची, तोवर दुसऱ्याने लांबच्या खोलीत बसायचे. वेळ एक घटका, म्हणजे मी. जो जास्त सोडवील तो जिंकला.

आधी गुणसेकरा उभा राहिला. वेड्यावाकड्या रेषा, कधी न संपणाऱ्या बेरजा, मला त्यातले ओ का ठो कळले नाही. पण पाचवे गणित वाचले गेले आणि मी पाण्यात शहारलो. बुडाला भोक असलेल्या भांड्यात पाणी किती वेळाने भरेल, असे ते गणित होते! माझ्यावर गणित! मित्रांनो, जन्मभर नवरा-नवरीचे कौतुक ऐकलेल्या मला त्या क्षणी केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! त्या अभिमानातच मी बुडालो. गुणसेकराची चार गणिते पुरी झाली होती, पाचवे अर्धे राहिले.

आणि मग व्हायचे तेच झाले. मी बुडताच जोशीबुवांच्या तोंडून सवयीने "सावधान!" निघाले. बक्षीस समारंभासाठी बोलावलेल्या वाजंत्र्यांनी लगेच सनई-संबळ धरला. आणि खोलीतल्या बायकांनी पदराखालून मुठी काढल्या. जोशीबुवा घंगाळ घेऊन चालले म्हणजे कोणाचे तरी लग्नच, असे समजून त्या घरूनच अक्षता घेऊन आल्या होत्या! सगळी ज्वारी त्या गरीब लंकावासीयाच्या डोक्यावर.

"अगं थांबा, थांबा!" सुंदरराव ओरडले.

"काऊन? बुडालं की ते!" जोशीबुवांची सून मनकर्णा म्हणाली आणि उरलेली मूठही तिने उधळली.

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. गुणसेकराही हसला. पाचव्या गणितातले भांडे खरोखरच समोर आहे हे पाहून त्याला राहवेना. जोशीबुवांनी मला पुसून काठावर ठेवले होते. तो कौतुकाने वाकला, त्याने मला आतून-बाहेरून न्याहाळले, आणि त्याच्या कुरळ्या केसांतून एक ज्वारीचा दाणा माझ्यात पडला. दाण्याचे टोक नेमके माझ्या भोकात रुतले. ओल्या हळदीने तो तिथेच चिकटून बसला.

मी ओरडून सांगणार तरी कसे? फळा पुसून उत्तरेश्वरला आणले, मला सोडले, आणि पाणी आत येईना. थेंब थेंब झिरपत होते. फळ्यावर उत्तरेश्वरचा हात भराभर चालला होता. एक झाले, दोन झाली, तीन झाली. माझी बुडायची वेळ झाली तेव्हा तो चौथ्याच्या मध्यावर होता, आणि मी आपला निर्लज्जासारखा तरंगत होतो. लोक त्याच्याकडे बघत होते, माझ्याकडे कोण बघणार? त्याचे चौथे संपले. पाचवेही संपले. त्याने खडू खाली ठेवला, आणि मग कुठे मी बुडालो. शहाणा झाल्यापासून पहिल्यांदा उशिरा बुडालो!

हलगी कडाडली. आश्रुबांनी मांडीवर थाप मारली ती मला पाण्याखाली ऐकू आली. सुंदररावांनी फेटा आणि चांदीचा पेला पुढे केला. पण उत्तरेश्वर म्हणाला, "आधी घटकेच्या पाया पडतो." त्याने घंगाळात हात घालून मला वर काढले, पाणी ओतले आणि कपाळाला लावायला उचलले.

आणि त्याला तो दाणा दिसला.

दुसऱ्या कोणालाच दिसला नव्हता. त्याने दाण्याकडे पाहिले, फळ्यावरच्या पाचव्या गणिताकडे पाहिले, मग दूर उभ्या असलेल्या वडिलांच्या हसऱ्या तोंडाकडे पाहिले. त्याचे बोट माझ्यात आले. नखाने टिपला असता तर दाणा निघाला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती. मला वाटले, काढ बाबा, काढ, तुझे शिक्षण तरी होईल. खरे सांगतो, मलाही मोह झाला.

त्याने बोट मागे घेतले आणि मला सर्वांपुढे धरले.

"हे बघा. भोकात दाणा हाय. घटका लांबली माझी."

हलगी थांबली. मागून त्याचा एक गावकरी चिडून म्हणाला, "काऊन सांगतूस बे? कुणी इचारलं होतं का तुला?"

"मीच इचारलं मला," उत्तरेश्वर म्हणाला.

प्राध्यापकांनी आणि सुंदररावांनी मला आधी दाण्यासकट, मग दाण्यावाचून पाण्यात सोडले. आता मात्र दोघांनी आपापली घड्याळे शेजारी शेजारी धरली, आणि काय नवल, दोन्ही घड्याळांचे एकमत झाले! दाण्याने मला चांगलाच उशीर केला होता. त्या उशिराचा हिशोब करून उत्तरेश्वर स्वतःच म्हणाला, "खरी घटका भरली तवा मी चौथ्यातच होतो." गुणसेकराला हे इंग्रजीतून सांगितले, तेव्हा तो म्हणाला, पुन्हा सामना घेऊ या. उत्तरेश्वरने नकारार्थी मान हलवली. पाचही उत्तरे आता फळ्यावर होती. पुन्हा काय सोडवायचे? फेटा आणि पेला लंकेला गेला.

उत्तरेश्वर खाली मान घालून वडिलांसमोर उभा राहिला. "चला आबा. गाडी जुंपा."

आश्रुबांनी माझ्याकडे बोट दाखवले.

"आखाड्यात एकदा माझी पाठ मातीला लागली होती. पंचाला दिसली न्हाई. मी उठलो, नारळ घेतला, फेटा घेतला. आज इतकी वर्सं झाली, आजून ती माती पाठीला टोचतीया." त्यांनी पोराच्या पाठीवर हात ठेवला. "तू तुजी पाठ आपून दावलीस. पोरा, हारलास खरा, पर लई झ्याक हारलास! जा हैदराबादला. शेत कुठं पळून जातंय व्हय?"

उत्तरेश्वरला रडू आवरेना. तेवढ्यात मनकर्णाने कुठून तरी आणखी एक मूठ ज्वारी पैदा केली, आणि या वेळी सुंदररावांनी अडवले नाही. दोन्ही पोरांच्या डोक्यावर अक्षता पडल्या. माझ्यावर मात्र जोशीबुवांनी घाईघाईने उपरणे टाकले!

पुढे भिंतीवरची घड्याळे आली, मनगटावरची आली, आणि मी माळ्यावर गेलो. एकदा तर घरातल्या कोणीतरी माझे भोक बुजवून मला तीर्थाचे भांडे करायला काढले होते. तेव्हा म्हाताऱ्या झालेल्या मनकर्णाने मला त्याच्या हातातून हिसकावून घेतले. "भोक बुजवलं तर त्येच्यात राह्यलं काय?" ती म्हणाली. त्या बोलण्याने मला गहिवरून आले.

म्हणून मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझ्यासारखे कोणी असेल, तर चिंचेने घासून त्याला एकदा उन्हात ठेवा. त्याचे भोक बुजवू नका. कधी त्यात तुमच्या फायद्याचा एखादा दाणा अडकलेला दिसला, तर तो जरूर काढा. फक्त काढण्याआधी चार लोकांना दाखवा.