कानातली फुलं

"कापून टाकू का, काका? दोन मिनिटांचं काम आहे," आरती सिस्टर म्हणाली. तिच्या हातात छोटा कटर होता, आणि तिचं काही चुकत नव्हतं. ऑपरेशनला न्यायचं तर अंगावर धातू चालत नाही, आणि गोदाबाईच्या डोक्यातली गाठ काही कानातल्या फुलांसाठी थांबणार नव्हती.

गोदाबाईने दोन्ही कान तळहातांनी घट्ट झाकून घेतले. "कापू नोका. माह्या मायनं घातले हायेत, माहेरी, बाळापूरले."

"मंग बाबाले काढू दे ना," रागिणी म्हणाली. आईचं कळल्यावर ती अकोल्याहून आली होती ती अजून कपडेही न बदलता खाटेजवळ उभी होती.

गोदाबाईने नवऱ्याकडे, सूर्यभानकडे, पाहिलंसुद्धा नाही.

सूर्यभान अचलपूरचा सोनार. नवा दागिना घडवून घ्यायला आता त्याच्याकडे कोण येतं? लोकांना काचेची दारं आणि थंडगार हवा लागते. त्याच्या टपरीत उरली होती ती डागडुजी आणि अडकलेल्या फिरक्या. फुलाच्या मागे आट्यांची फिरकी असते. तिच्यात साबण, तेल, पावडर वर्षानुवर्षं जाऊन बसतं आणि ती दगड होते. हिसका दिला की आटे तरी जातात, नाहीतर कानाची पाळी तरी फाटते. सूर्यभानला हिसका ठाऊकच नव्हता.

म्हणून गावात कुणी बाई गेली की त्याला बोलावणं यायचं. कान न फाटता दागिना लेकीच्या हाती पडावा, एवढंच लोकांना हवं असे. तो उशाशी बसायचा आणि फिरकी फिरवता फिरवता पुटपुटायचा, "सोड माय, सोड." हे शब्द सगळ्या मोहल्ल्याला पाठ होते.

आणि म्हणूनच गोदाबाईने त्याला आपल्या कानाला कधी हात लावू दिला नाही. तो तसल्या घरून आला की न्हाणीत गरम पाणी काढून द्यायची, गरमागरम जेवू घालायची, सगळं करायची. पण "फुलं धून देऊ का वं?" असं त्याने विचारलं की म्हणायची, "तुमचा हात कोनाच्या कानाले लागते, ठाऊक हाय मले." शेजारणी हसायच्या, सोनाराच्या बायकोच्या कानात मळ! सूर्यभानही हसायचा. पण त्याला ते फार लागायचं. साऱ्या गावाच्या बायकांना चालणारा हात घरात चालत नव्हता.

"गोदे," तो आता खाली वाकून म्हणाला, "कटरनं तुकडे होतीन. माह्यानं दुखनार बी नाई."

गोदाबाईने आता कुठे त्याच्याकडे पाहिलं. मग तिने हात बाजूला घेतले. "बाहेर आली का तुमच्याच हातानं घालून देजा. म्हना, देतो."

"देतो."

त्याने गरम पाण्याचा बोळा पाळीमागे धरला, खोबरेल तेलाचा थेंब सोडला आणि तो आत उतरेपर्यंत थांबला. सिस्टर दोनदा डोकावून गेली. रागिणीने मोबाइलचा उजेड धरला. पकड सुटू नये म्हणून सूर्यभान सायकलच्या ट्यूबचा तुकडा वापरी. तो त्याच्या खिशात असायचाच. फिरकी आधी किंचित घट्ट करायची, म्हणजे आतली मळी तडकते, आणि मगच उलटी फिरवायची.

कान गरम होता. पाळीमागची नस त्याच्या बोटाला उडताना लागत होती. हल्ली त्याच्या बोटांखाली यायचे ते बहुतेक गार कान. जिवंत कान असा उडतो हे तो विसरूनच गेला होता. त्याचे हात थरथरायला लागले. तरी डावी फिरकी सुटली. उजवी मात्र जागची हलेना. त्याने श्वास रोखला, डोळे बारीक केले, आणि जग विसरून पुटपुटला, "सोड माय, सोड."

रागिणीच्या हातातला उजेड हलला. आपली जीभ झडली असती तर बरं, असं सूर्यभानला वाटलं. "गोदे, सवयीनं निंगालं वं..."

गोदाबाईने डोळे मिटलेलेच होते. "म्हना," ती म्हणाली. "तसं म्हनल्याबिगर नाई सुटत तुमच्यानं."

तो पुन्हा म्हणाला नाही. फिरकी सुटली. ज्या फुलाची फिरकी त्यालाच लावून त्याने दोन्ही फुलं रुमालाच्या टोकात बांधली. गोदाबाईला आत नेलं तेव्हा त्याची मूठ खिशात रुमालावर होती.

ती शुद्धीवर आली नाही. काही दिवस यंत्रांवर काढून ती अचलपूरला आली, ती शववाहिकेतून.

अंगणात बायकांनी तिला आंघोळ घातली, लुगडं नेसवलं. आणि मग सवयीनं सगळ्यांच्या नजरा सूर्यभानकडे वळल्या. शेजारचा भगवंत चाचरत म्हणाला, "भाऊ... काई काढाचं हाय का?"

"काढाचं नाई. घालाचं हाय."

त्याने रुमालाची गाठ सोडली. मागून कुणीतरी पुटपुटलं, "सोनं जळून जाईन ना बावा."

"जाऊ द्या," रागिणी रडत म्हणाली. "घाला, बाबा."

तो उशाशी बसला. कान आता गार होता, आणि त्याचा हात जराही थरथरला नाही. फूल पुढून घातलं, फिरकी मागून धरली. पहिला आटा लागला. काढताना काय म्हणायचं ते त्याच्या तोंडात बसलं होतं. घालताना काय म्हणायचं ते त्याला सुचेना. त्याने दोन्ही फिरक्या बसवल्या, मग पाळीमागून हलकेच बोट फिरवून पाहिलं.

आणि एकेकाळी टपरीवर नवं फूल घालून दिलेल्या पोरीला विचारायचा, तसं त्याने खाली वाकून विचारलं, "टोचत तं नाई ना?"