परत आणलेली फांदी

“तुझ्या बापाचा दोर तुटला, त्याबरोबर तुमच्या अख्ख्या घराची जीभही तुटली का गं?”

धान्य पिकवणाऱ्या दिमितर देवीच्या उत्सवातला तो उपासाचा दिवस होता. त्या दिवशी आम्ही बायका टेकडीवर जमिनीवर बसतो आणि दुपार कलली की एकमेकींना तोंडाला येईल ते बोलतो. सासवा, नवरे, नाकडोळे, काही सुटत नाही. मनावर कुणी घ्यायचं नाही, अशी रीत. मीही शेजारच्या कुंभारणीला नुकतंच म्हटलं होतं, “तुझ्या नवऱ्यापेक्षा त्याची मडकी बरी, निदान ठोकली तर वाजतात तरी.” सगळ्या हसत होत्या. आणि मागून हे वाक्य आलं.

वळून पाहिलं तर आर्खिप्पे. माझ्या वडिलांच्या हातून जिचा मुलगा गेला, ती.

माझे वडील, नौसोन, पिरायसच्या बंदरात दोर वळायचे. हिवाळ्यातल्या नाट्योत्सवात मंचामागची, दोरानं माणूस उचलून उतरवणारी यारीही तेच चालवायचे. खेळ संपत आला, माणसांच्या हातात काही उरलं नाही, की त्या लाकडी यारीवरून देव खाली यायचा आणि देशोधडीला लागलेल्या नायकाला म्हणायचा, जा, तुझं दुःख संपलं. बंदरावर वडिलांना सगळे ‘देव उतरवणारा’ म्हणत. मी लहान होते तेव्हा एका खेळात दोर तुटला. देवाचा मुखवटा घातलेला आर्खिप्पेचा तरणा मुलगा युफ्रोन दगडांवर पडला आणि गेला.

न्यायसभेनं सांगितलं, मुद्दाम केलं नाही, पण रक्त सांडलं आहे. मृताच्या घरचे क्षमा करीपर्यंत या मातीवर पाय ठेवायचा नाही. वडील समोरच्या एजिना बेटावर गेले. आकाश स्वच्छ असलं की आमच्या गच्चीवरून ते बेट दिसायचं. आई कपडे वाळत घालताना तिकडे पाठ करायची.

क्षमा मागायला घरातला पुरुष लागतो. मिकिओनकाका, वडिलांचा धाकटा भाऊ, आमच्याकडे राहायला आला, यारीही त्यानं हाती घेतली, आणि दर वसंतात धुतलेला अंगरखा घालून युफ्रोनच्या घरी जायला निघू लागला. ऑलिव्हच्या फांदीला मी स्वतः कातलेली पांढरी लोकर गुंडाळून द्यायचे. ही फांदी समोरच्याच्या चुलीपाशी ठेवून त्याचे गुडघे धरायचे असतात. मागणं मान्य झालं तर फांदी परत आणायची, नाही तर तिथंच सोडायची. काका संध्याकाळी रिकाम्या हातानं यायचा.

“म्हातारा म्हणाला, आधी माझा मुलगा आणून दे,” तो पाय चोळत सांगायचा. एकदा म्हणाला, “थुंकला गं वहिनी, अंगावर थुंकला.” आईनं तो अंगरखा पुन्हा धुतला. तिच्या शेवटच्या आजारात तिनं मला इतकंच विचारलं, “यंदा गेला होता ना मिकिओन?”

मी आर्खिप्पेला म्हटलं, “काकू, जीभ कशाला काढता? दरवर्षी माणूस पाठवला आम्ही. थुंकलात त्याच्यावर.”

तिचा चेहरा बदलला. ती उठून माझ्याजवळ येऊन बसली.

“कुणावर थुंकलो?”

“मिकिओनकाकावर.”

“लिसिला,” तिनं मला नावानं हाक मारली, “माझ्या उंबऱ्यात तुमच्याकडचं माणूस आलंच नाही कधी. आमचे हे वसंत आला की दाराशी बसतात. म्हणतात, कुणी तरी येईल, युफ्रोनचं नाव घेईल. आता ते बोलायचेही थांबलेत.”

आजूबाजूला बायका अजून एकमेकींना चिडवत होत्या.

उत्सव उरकल्यावर माझा नवरा आणि मी फांदी घेऊन गेलो. म्हातारा दाराशीच होता. नवऱ्यानं चुलीपाशी फांदी ठेवली, त्याचे गुडघे धरले आणि युफ्रोनचं नाव घेतलं. म्हातारा पुष्कळ वेळ फांदीवरच्या लोकरीला हात लावत बसला. मग म्हणाला, “आवाज चांगला होता पोराचा. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायचा.” आणि फांदी उचलून त्यानं माझ्या हातात दिली.

ती हातात घेऊन मी सरळ माहेरच्या घरात शिरले. काका जेवत होता. फांदी पाहून त्याचा घास हातातच राहिला.

“काका, दरवर्षी कुठं जात होतास?”

“बंदरावर. दारूच्या दुकानात.” त्यानं लपवलं नाही. “तो आला असता तर मी कुठं गेलो असतो? घर त्याचं, यारी त्याची. तुला खाऊ कुणी घातलं, पोरी? लग्न कुणी लावलं तुझं?”

“तूच.”

“मग?”

त्याला खरंच उत्तर हवं होतं. मी फांदी घेऊन बाहेर पडले.

हिवाळ्याच्या तोंडावर वडील होडीनं आले. बंदरावरच पुजाऱ्यानं डुकराच्या पिल्लाच्या रक्तानं त्यांच्या हातांचा विटाळ काढला, तोवर मला त्यांना शिवता आलं नाही. केस पांढरे झाले होते. गळ्यात पडून काका मोठ्यानं रडला. वडील हात लोंबते ठेवून उभे राहिले. त्यांना मी सगळं आधीच कळवलं होतं. ते माझ्या घरी राहिले. जुन्या घराचा विषय त्यांनी काढला नाही, भावाशी बोलले नाहीत.

नाट्योत्सवाला मात्र आले. खेळ सुरू होण्याआधी जागेवरून उठून मंचामागं गेले, म्हणून मीही गेले. काका यारीपाशी उभा होता. वडिलांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. दोर मुठीत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. एका जागी थांबले, काकानं मारलेली गाठ सोडली, झिजलेला तुकडा कापून टाकला आणि दोर नव्यानं जोडून दोनदा अंगाचा भार टाकून पाहिला.

“दादा,” काका म्हणाला.

वडिलांनी हात अंगरख्याला पुसले आणि बाहेर आले.

खेळाच्या शेवटी देव उतरला. परागंदा म्हाताऱ्याला घरी जा म्हणाला, आणि सगळे लोक रडू लागले. पुढच्या एका रांगेत आर्खिप्पेचा नवरा बसला होता, तोही डोळे पुसत होता. वडील देवाकडे पाहत नव्हते. मान वर करून ते दोराकडे पाहत होते. देवाचे पाय जमिनीला टेकल्यावरच त्यांनी श्वास सोडला.