मंजियाने किती वेळा बघितलं

स्फॅक्स शहरातल्या प्रयोगशाळेत रादिया ऑलिव्हच्या तेलाची आम्लता मोजायची. शून्य पूर्णांक आठच्या आत असेल तर तेल अव्वल. त्यावर गेलं, की घाण्याचा मालक कितीही गहिवरला तरी दुय्यम. 'थोडंसं जास्त' आणि 'फारसं नाही' हे शब्द तिने फक्त सासरी ऐकले होते.

तेलाचा डबा उचलताना तिची कंबर धरली, तेव्हा सासू खदूजा तिला मोठ्या इस्पितळात एक्स-रेला घेऊन गेली. मशीनवर रादियाच्या नवऱ्याची आतेबहीण मंजिया होती. दार उघडं ठेवूनच तिने विचारलं, "दिवस वगैरे गेलेत का गं?"

"नाही," रादिया म्हणाली.

पाळी दहा दिवस चुकली होती. पण याआधी दोनदा तिने आनंदाने 'हो' सांगितलं होतं. दोन्ही वेळा तोंड गोड करायला मंजिया हजर होती, आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. खदूजाने तेव्हाच निकाल दिला होता : मंजियाची नजर. अशा बाईला लोकांच्या आरपार बघायची नोकरी कुणी दिली, हे कोडं तिला अजून सुटलं नव्हतं.

आठवड्याने चाचणीवर दोन रेघा उमटल्या. बाळंतपणाच्या डॉक्टरने एक्स-रेचं ऐकलं आणि चष्मा काढला.

"जोखीम कशाला घ्यायची? गुरुवारी या, मोकळं करू."

"जोखीम किती आहे?"

"आहे."

"हो, पण किती?"

"बाई, किरण आहेत ते."

तेल कसं आहे विचारल्यावर कुणी 'तेलकट' म्हणावं, तसं रादियाला वाटलं. तिने स्वतःचं वय मोजलं. सदतीस. गुरुवारला तीन दिवस होते.

खदूजाला मात्र काडीची शंका नव्हती. "किरणांनी काही होत नाही. दाढेच्या वेळी मीही घेतले होते. मंजियाने बघितलं का, तेवढं सांग."

"मशीनने बघितलं, आई."

"आणि मशीनमागे कोण उभं होतं?"

नवऱ्याचं दोघींशीही एकमत होतं. तो बंदरावर मासे आणायला गेला.

मंगळवारी रादियाने मोठ्या इस्पितळात किरणांची मात्रा मोजणारे मुन्सिफ शोधून काढले. तळघरातल्या खोलीत बसून ते सूर्यफुलाच्या बिया सोलत होते. तिचा प्रश्न ऐकून त्यांनी बिया बाजूला सारल्या. मात्रा किती, असं त्यांना बऱ्याच वर्षांत कुणी विचारलं नसावं.

"मात्रा पन्नास मिलिग्रेच्या खाली असली, तर बाळाला इजा झालेली दिसत नाही. तिथे रेघ आहे. तुमचं किती भरलं, ते काढता येईल. फिल्म किती? कुठून घेतल्या? मशीन कितीवर लावलं होतं?"

"मला कसं माहीत असणार?"

"जिने काढल्या तिला विचारा. वहीत असतं सगळं."

म्हणजे जिच्यापासून लपवायचं, तिलाच सांगायचं. रादिया इस्पितळाभोवती दोन चकरा मारून मंजियाकडे गेली आणि या वेळी दार स्वतः लावून घेतलं.

"त्या दिवशी मी खोटं बोलले."

मंजिया मान वर न करताच चटकन भिंतीकडे वळली आणि तशीच, पाठ करून, वहीची पानं उलटू लागली.

"तोंड का फिरवलंस?"

"मामी काय बोलते, ते मला कळत नाही होय? लिहून घे. समोरून एक, बाजूने एक. समोरची परत एकदा."

"परत का?"

"तू हललीस. 'नाही' खरं असेल तर माणूस असं हलत नाही, हे तेव्हाच कळायला हवं होतं मला. आकडे घे पुढचे."

तिने पाठमोरंच सगळे आकडे सांगितले. रादियाने तिथूनच मुन्सिफना फोन लावला. पलीकडे बराच वेळ पेन्सिल खरखरली.

"जास्तीत जास्त धरलं तरी सहाच्या आत," मुन्सिफ म्हणाले. "डॉक्टरांना माझ्याशी बोलायला सांगा."

सहा आणि पन्नास. असलं तेल तिने डोळे मिटून पास केलं असतं. तिने दवाखान्यात फोन करून गुरुवारची वेळ रद्द केली आणि खुर्चीत बसली.

"मंजियाताई, वळ आता. बघ माझ्याकडे."

"नको गं बाई."

"बघ म्हणते ना."

मंजिया वळली. पोटाकडे नाही, तोंडाकडे बघत म्हणाली, "मला फक्त हाडं कळतात. बाळ बघायची खोली पलीकडे आहे."

घरी खदूजा दारातच उभी होती. "बघितलंच ना तिने?"

"बघितलं."

"किती वेळा?"

"चारदा. तीनदा मशीनने, एकदा मी सांगितलं म्हणून. सहाच्या आत भरलं."

खदूजाने थोडा विचार केला. "सहा म्हणजे फारसं नाही," ती म्हणाली, आणि मासे तळायला आत गेली.