दहापैकी सहा

गेली चार वर्षं आमच्या घरात सकाळचा पहिला प्रश्न एकच. चहाचा कप पुढे करत श्रीधर विचारतात, "कंबर आज दहापैकी किती दुखतेय?" मी आकडा सांगते. पाचच्या वर गेला की त्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं हसायचं नाही, असा नियमच झाला होता.

त्यात सूनबाईंची पहिली मंगळागौर दोन महिन्यांवर आली. "आई, पहिली फुगडी तुमच्याशीच," स्वराली म्हणाली. नारायण पेठेत माझ्या फुगडीपुढे कुणी टिकत नसे, ही बढाई मीच तिला ऐकवली होती. आता खुर्चीत बसून टाळ्या वाजवायच्या? मला रडूच आलं.

तशीच फिजिओथेरपिस्ट निकिताकडे गेले. तिनं रिपोर्ट पाहिले, कंबर तपासली. "दुखतंय ते खरं आहे, काकू. पण कंबर नाजूक झालेली नाही, तुम्ही घाबरलाय. फुगडी घालायचीच."

दोन महिने तिनं मला वाकवलं, उठवलं, भरलेली बादली उचलायला लावली. श्रीधर शेजारी उभे राहून "अगं, जपून!" करत. तिनं त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. "काका, तुमच्या 'जपून'नंच त्या आखडतात." चार वर्षांत हे सांगायची माझी हिंमत झाली नव्हती!

मंगळागौरीच्या दिवशी आकडा पाच. साडीखाली कंबरेचा पट्टा घट्ट बांधलेला. स्वरालीनं हात पुढे केले. मी आत गेले, पट्टा सोडून पलंगावर भिरकावला आणि येऊन तिचे हात धरले.

पहिल्या दोन गिरक्या भीतभीतच. पण मागे झुकल्याशिवाय फुगडी रंगत नाही. ती झुकली, मीही झुकले. भिंती फिरल्या, समई फिरली, विहीणबाईंचा वासलेला आ तीनतीनदा समोरून गेला. मला हसू आवरेना.

स्वयंपाकघराच्या दारातून श्रीधर ओरडले, "अगं, किती?"

"गप्प बसा हो!"

दुसऱ्या दिवशी चहा आला. प्रश्न आला. "सहा," मी म्हटलं.

श्रीधरांनी नियमाप्रमाणे चेहरा पाडला. तेवढ्यात मला विहीणबाईंचा तो आ आठवला. मी कंबर धरून खो खो हसत सुटले. ते आधी घाबरले, मग हसले, मग इतके हसले की हातातला चमचा खाली पडला.

"थांब, मी उचलतो," ते म्हणाले.

तोवर मी वाकलेही होते.