वरचा गार मजला

कळमनुरीत नांदेड रस्त्याला उत्तमरावाची तीन मजली इमारत आहे. खाली खताचं आणि भांड्यांचं दुकान, मधे एक पतसंस्था, आणि सगळ्यात वर शिवकन्येचा शिवणाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, तर दहा-बारा बाया, तेवढ्याच मशिनी आणि शाळेच्या गणवेशांचे ढीग. वरचा मजला तिला मिळाला, कारण तो दुसऱ्या कुणी घेतलाच नसता. उन्हाळ्यात छत असं तापायचं, की दुपारी मशिनीच्या लोखंडाला हात लावला तर चटका बसावा. आणि गणवेशाचं काम निघतं कधी? नेमकं एप्रिल-मेमध्ये! जूनमध्ये शाळा उघडायच्या आत माल गेला तर गेला, नाही तर वर्ष हातचं गेलं.

एका मे महिन्यात जिवनबाई चालत्या मशिनीवरच आडवी झाली. जिवनबाई सगळ्यांत वयस्क, कॉलर बसवावी तर तिनंच. तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला, तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले. आणि उघडल्या उघडल्या विचारलं काय, तर "कापडाला घाम तर न्हाई ना लागला?" शिवकन्येला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचा उन्हाळा या बायांना असा काढू द्यायचा नाही, असं तिनं तिथंच ठरवलं.

तिला कुणी सांगितलं नव्हतं बरं का. सरकारचा हुकूम नव्हता, मालकाची सक्ती नव्हती. जो येई तो म्हणे, एसी लाव. पण एसी लावला तर मिळेल ते सगळं विजेलाच जायचं. फोनवर तिनं कुठल्याशा गावच्या बायांना छताला चुना मारताना पाहिलं होतं. पांढऱ्या छतावरून ऊन परतून जातं म्हणे. तिच्या डोक्यात ते पक्कं बसलं.

पण इमारत दुसऱ्याची. ती उत्तमरावाकडं गेली. उत्तमराव तिच्या माहेरचा, साखऱ्याचा. माहेरच्या गावचा माणूस म्हणजे भाऊच, त्यात शिवकन्येला सख्खा भाऊ नाही. दर राखीला ती त्याला ओवाळायची, आणि तोही न चुकता लुगडं आणायचा.

"दादा, छताला चुना मारू का? उत्तरेच्या खिडक्या विटांनी बुजवल्यात, त्या उघडू का?"

"अगं, मला काहून विचारून राहिलीस? भावाची इमारत म्हणजे तुजीच. पाहिजे ते कर!"

जिवनबाई जुनं खोड. ती म्हणाली, "शिवकन्ये, एवढं करून राहिलीस, तर जागा किती वर्षं देतो ते कागदावर घे."

"भावाकडून कागद घेऊ? साखऱ्यात मला कुणी दारात तरी उभं करील का?" शिवकन्या अशी भडकली, की जिवनबाईनं पुन्हा विषय काढला नाही.

मग दिवाळीपासून काम सुरू झालं. बुजवलेल्या खिडक्या फोडल्या, तसा वारा आत शिरला आणि कागदाचे नमुने खोलीभर उडाले. बाया पोटभर हसल्या. जुन्या मोटारी मशीन थांबली तरी घूं करत वीज खात बसायच्या. त्या काढून पाय दाबला तरच फिरणाऱ्या मोटारी बसवल्या. छताला टांगलेल्या ट्यूबलायटी गेल्या आणि प्रत्येक सुईपाशी एकेक छोटा दिवा आला. पंखे कमी विजेचे घेतले. हे सगळं एकदम नाही, जसं जमेल तसं. होळीच्या आधी ड्रमात चुना भिजवला, फेविकॉल घातलं, जुन्या लुगड्यातून गाळलं, आणि सगळ्या बायांनी पदर खोचून छताला दोन हात मारले. जिवनबाईसुद्धा बादली घेऊन जिना चढली. खालचा खतवाला म्हणाला, "काय बाई, छताचं लगीन काढलं का?"

आणि काय सांगू, मे आला तरी मजला गार! दुपारी बाया भाकर खाऊन तिथंच घटकाभर पडायच्या. माल जूनच्या आधीच गेला. मीटर उत्तमरावाच्या नावावर, त्यामुळं बिल आधी त्याच्या हातात पडायचं. तो जिना चढून वर आला.

"शिवकन्ये, मीटर बंद पडलं का काय? अर्ध्याच्या खाली आलंय बिल!" मग एकदम थांबला. वर छताकडं बघितलं, भिंतीला हात लावला, खिडकीपाशी खुर्ची ओढून बसला. "आयला, इथं तर माज्या घरापरीस गार हाय!"

त्यानंतर तो वरचेवर यायला लागला. कधी व्याही, कधी मित्र, सगळ्यांना मजला दाखवायचा. "माज्या बहिणीनं केलंय." शिवकन्येला केवढा अभिमान! ती खिडक्या, दिवे, छत सगळं समजावून सांगायची, वर चहा पाजायची. खुळी कुठली! माल जोखायला आलेल्या गिऱ्हाइकाला ती चहा पाजत होती.

राखी आली. या खेपेला लुगडं नको, दहा वर्षं जागा हलवणार नाही एवढा शब्द ओवाळणीत घ्यायचा, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून ओवाळणंही मुद्दाम कारखान्यातच ठेवलं, बायांसमोर. कुंकू लावलं, राखी बांधली, ओवाळलं. ती तोंड उघडणार, तेवढ्यात उत्तमरावच बोलला.

"शिवकन्ये, आज भाऊच तुज्याकडं मागून राहिला. आमच्या जावयाला, हरीशला, कोचिंग क्लास काढायचाय. नांदेडचं सोडून येतो म्हणतो, पर जागा हीच पाहिजे. बाकी समद्या जागा भट्टीवानी तापतात म्हणं. पोरीच्या संसाराचा सवाल हाय, माय. दिवाळीपतोर खाली करून दे."

तबकातली निरांजनं अजून जळत होती.

मागून जिवनबाई ओरडली, "न्हाई म्हण!"

पण राखी बांधलेल्या हाताला नाही कसं म्हणायचं, ते शिवकन्येला कुणी शिकवलंच नव्हतं. तिनं मान हलवली. उत्तमरावानं तबकात लुगडं ठेवलं आणि डोळे पुसले. पुसले म्हणजे काय, खरंच आलं होतं पाणी. याचाच जास्त राग यावा असा तो माणूस.

बाजाराच्या मागं एक टिनाचं शेड मिळालं. पंखे काढून नेता आले, दिवे नेता आले, मोटारी नेता आल्या. छतावरचा चुना आणि खिडकीतला वारा कसा काढून नेणार? तो तिथंच राहिला. चुन्याची एक गोणी तेवढी उरली होती, ती शेडच्या कोपऱ्यात पडली.

होळी झाली, तशा बाया म्हणाल्या, "ताई, टिनाला चुना मारू की. गोणी हाय, आमी हावोत."

"काही गरज न्हाई."

"अवो, लेकरांचे कपडे शिवून राहिलो का भजे तळून राहिलो? घडीभराचं काम हाय."

"न्हाई म्हटलं ना एकदा!"

अशी ती कधी खेकसली नव्हती. बाया आपापल्या मशिनीवर जाऊन बसल्या. चैत्रात जिवनबाईनं मशिनीवर झाकण घातलं आणि म्हणाली, "शिवकन्ये, माज्यानं न्हाई व्हत आता." ती गेली ती आलीच नाही. शिवकन्या रात्र रात्र जागी राहायची, कोपऱ्यातली गोणी तिच्या डोळ्यांपुढून हलायची नाही. तरी तिनं गोणी उघडली नाही.

मेमध्ये भर दुपारी उत्तमराव शेडात आला. घामानं सदरा अंगाला चिकटलेला.

"शिवकन्ये, बरं हाय ना? आमचं काय इचारू नको. हरीशनं पोरांचे कागद उडतात म्हणून खिडक्यांना पक्क्या काचा बसवल्या, चार एसी लावले. पावसानं चुना धुवून गेला, छत तापून राहिलं. एसी पुरंनात, बिल बघून चक्कर येऊन राहिली. तू तो चुना कसा मारत होतीस? बायांना घेऊन एकदा येऊन जा ना, माय."

शिवकन्येनं हातातला शर्ट खाली ठेवला नाही.

त्यानं मान वर केली, टिनाकडं बघितलं. "आन् तुज्या इथं तर निस्ती भट्टी! तुला समदं येतं, मग इथं काहून मारला न्हाई चुना?"

"मारला असता, दादा," शिवकन्या म्हणाली. "पर जागा गार झाली की मालकाच्या डोळ्यात भरती. या शेडवाल्याला बी एक पोरगी हाय."

मशिनी थांबल्या. उत्तमराव जरा हसला, मग हसायचा थांबला. रुमालानं मान पुसत राहिला.

"ती गोणी घेऊन जा," तिनं कोपऱ्याकडं बोट केलं. "रातभर भिजवा, फेविकॉल घाला, लुगड्यातून गाळा. लुगडं नसलं तर मी देते. तुमीच दिलेलं हाय, घडी बी मोडली न्हाई."

तिला वाटलं होतं, आता तरी हा माणूस मान खाली घालील आणि तसाच निघून जाईल.

उत्तमराव बाहेर गेला. रिक्षावाल्याला हाक मारून आत आणलं, आणि दोघांनी मिळून गोणी उचलून नेली.