रोबोटचा जाहीर सत्कार

रोबोटला टोपी बसत नव्हती. उपरणं बसलं, हार बसला, पंजात गुलाबही अडकवता आला. पण टोपीला डोकं लागतं आणि काजलने त्याला डोकं दिलंच नव्हतं. ठोकळे उचलायला त्याची गरज नाही, असं तिला वाटलं होतं. शेवटी संस्थेचे चेअरमन उदेसिंग अण्णा म्हणाले, "मागे ठेवा कुठेतरी. फोटोत दिसली म्हणजे झालं." मग टोपी बॅटरीवर ठेवण्यात आली.

हा सत्कार स्पर्धेला निघण्याआधीचा. जिंकून आल्यानंतरचा वेगळा ठरला होता. त्याचा फ्लेक्सही छापून शाळेच्या ऑफिसात गुंडाळून उभा करून ठेवलेला होता, कारण दोन्ही एकदम टाकले की फ्लेक्सवाला लवकर देतो. एकावर 'हार्दिक शुभेच्छा' आणि दुसऱ्यावर 'विभागात प्रथम'. अण्णांचा फोटो दोन्हीकडे तोच होता, मोबाइल कानाला लावलेला.

शाळा म्हसावदच्या अलीकडच्या एका गावातली. रोबोटचं सामान कुठल्याशा योजनेतून खोक्यात आलं होतं आणि दोन वर्षं शिपायाने त्या खोक्याचा स्टूल केला होता. दहावीतल्या काजलने एकदा त्याला उठायला सांगून खोकं उघडलं, तेव्हा शाळेत विज्ञान आलं. तिच्यासोबत दोघं होते. नवनीत बोलायचा आणि रंजिता काम करायची. रोबोटचा सांगाडा ठिबकच्या नळ्यांचा होता. पंजा दोन फूटपट्ट्यांचा होता आणि घसरू नये म्हणून रंजिताने त्यांना सायकलची ट्यूब कापून चिकटवली होती. हाताला दोन छोट्या मोटरी होत्या. एकीने हात वर-खाली व्हायचा, दुसरीने पंजा मिटायचा. पंजाच्या मोटरीचे गिअर प्लॅस्टिकचे होते आणि त्यांचे दात तांदळाच्या कणीएवढे होते. थर्माकोलचा ठोकळा उचलायला तेवढे पुरत होते. स्पर्धेत ठोकळेच उचलून टोपलीत टाकायचे होते.

काजलला धुळ्याला जायचं होतं, दहावीनंतर डिप्लोमाला. तिचे वडील शांतीलाल केळीचे बागायतदार. त्यांनी ट्रॅक्टर घेताना घातल्या होत्या तशाच स्वच्छ अटी घातल्या. "पहिल्या तीनमा उनी ते धुळे. नही ते आठेच, गावमा." हे त्यांनी काजलच्या आईसमोर, दूध डेअरीवर आणि एकदा विनाकारण पोस्टमनसमोरही सांगितलं होतं. म्हणजे शब्द पक्का होता.

स्पर्धा नंदुरबारला होती. क्रूझर निघाली तेव्हा पुढच्या सीटवर अण्णा होते आणि त्यांच्या मांडीवर रोबोट. वास्तविक अण्णा येणार नव्हते. पण शुभेच्छांचा फ्लेक्स मोबाइलवर बघून त्यांच्या पाहुण्यांचे फोन सुरू झाले आणि पाहुणे रस्ताभर पसरलेले होते.

म्हसावदला अण्णांचे व्याही स्टँडवर हार घेऊन उभे. शाली झाल्या, श्रीफळं झाली. मग व्याही रोबोटकडे बघून म्हणाले, "हाऊ काही करस का नुसता बठस?"

हेमकांत सरांनी काजलकडे पाहिलं. सर विज्ञान शिकवायचे आणि अजून तासिका तत्त्वावर होते. अण्णा शेजारी असले की सरांची मान आपोआप हो म्हणायची, प्रश्न नसला तरी. काजलने मोबाइलवरून रोबोटचा हात वर केला, खाली केला. नमस्कार झाला. स्टँडवरच्या रिक्षावाल्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

"सर, बॅटरी संपेल," गाडीत बसताना ती म्हणाली.

"एकदाच केलं गं. मोठी माणसं आहेत."

लोणखेड्याला अण्णांच्या मित्राचं खतांचं दुकान. तिथे रोबोटने नमस्कार केला आणि गुलाब हातात घेतला. मित्राने तो आपल्याला परत द्यायला लावला, पुन्हा घ्यायला लावला, कारण व्हिडिओ उभा आला होता आणि त्याला आडवा पाहिजे होता.

"काजल," नवनीत कानाशी म्हणाला, "हाऊ रोबोट नही, नवरदेव शे. आते फक्त घोडी राहिनी."

काजल हसली नाही. गाडी सुटल्यावर तिने अण्णांच्या मांडीवरून वायर तपासायच्या म्हणून रोबोट मागून घेतला, बॅटरी काढली आणि दप्तरात डब्याखाली दडवली. पुढे प्रकाशाला अण्णांचे साडू झिपरू आप्पा राहत होते आणि झिपरू आप्पांचा उत्साह तीन तालुक्यांत माहीत होता.

आप्पांनी मंडपच टाकला होता. खुर्च्या होत्या. माइक होता. अण्णांनी भाषण केलं. "आपला ग्रामीण विद्यार्थी कुठेही कमी नाही. संस्था लवकरच मोठी झेप घेणार आहे, आज जास्त सांगत नाही," असं म्हणून ते बराच वेळ जास्त सांगत राहिले. मग आप्पांनी नारळ उचलला.

"तेना हातमा देसू," ते म्हणाले.

"आप्पा, त्याची बॅटरी उतरली," काजल म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण वाक्य चांगलं गेलं असं तिला वाटलं.

आप्पांचा चेहरा पडला. मग उजळला. "मंग तेमा काय शे," ते म्हणाले आणि मागे वळून कुणाला तरी हाक मारली. "ट्रॅक्टरनी बॅटरी काढी आन रे."

काजलला वाटलं हे बोलण्यापुरतं असेल. पण दोघं जण खरोखर पाने घेऊन ट्रॅक्टरकडे गेले. थोड्याच वेळात बॅटरी आली, दोघांनी धरून, खालून ॲसिड ठिबकत. रोबोट तिच्याशेजारी ठेवला तेव्हा तो तिचा नातू दिसत होता. एकाने जाड लाल वायरीची टोकं दाताने सोलायला घेतली.

"सर," काजल म्हणाली, "जळून जाईल. सगळा जळेल."

सरांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा मोबाइलमध्ये बघत होते. सरांची मान हो म्हणाली.

तेव्हा काजलने दप्तर उघडलं, डबा बाजूला केला आणि बॅटरी काढली. "एक आहे. जादाची," ती म्हणाली. ट्रॅक्टरपेक्षा नारळ बरा, एवढाच हिशेब तिच्या डोक्यात होता.

रोबोटने नमस्कार केला. पंजा उघडला. काजलने सुचवलं की नारळ खाली ठेवू, तो नुसता हात लावेल. आप्पा म्हणाले, "हात लावाले तो काय भटजी शे?" आणि त्यांनी नारळ पंजात दिला. सोललेला नव्हता, शेंडीसकट होता. फूटपट्ट्या मिटल्या. नारळ क्षणभर राहिला, फोटो निघण्याइतका. मग आतून 'कट' असा आवाज आला, बारीक, सुपारी फोडल्यासारखा. नारळ गडगडत अण्णांच्या पायाशी गेला आणि लोकांना वाटलं, रोबोट अण्णांच्या पाया पडला. मंडप टाळ्यांनी दणाणला.

तो आवाज काजल आणि रंजिता दोघींनी ऐकला. रंजिताने डोळे मिटून घेतले.

नंदुरबारच्या हॉलमध्ये नाशिकची, जळगावची, धुळ्याची पोरं होती. त्यांच्या रोबोटांना चकाकती खोकी होती आणि पोरांना सारखे टी-शर्ट. कुणाच्याही रोबोटला हार नव्हता. रंजिताने पंजा उघडला. गिअरचे दात एका बाजूने साफ गेले होते. नवनीत बाजारात धावला. रविवार होता. दुरुस्तीची जी दोन दुकानं उघडी होती त्यातल्या एकाने त्याला मिक्सरचा गिअर दाखवला, तो रोबोटपेक्षा जड होता.

रंजिताने पंजा रबराने बांधून बघितला. मिटला की उघडेना. उघडा ठेवला की मिटेना. आणि त्यांचा पुकारा झाला.

काजलने रोबोट मैदानात सोडला. चालायला तो सुंदर चालत होता. ती कितीतरी संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात त्याला चालवत बसली होती, त्यामुळे तो सरळ, न डगमगता पहिल्या ठोकळ्यापाशी जाऊन थांबला. तिने हात खाली केला. पंजा हलला नाही. हात वर आला. ती दुसऱ्या ठोकळ्याकडे गेली, तिसऱ्याकडे गेली. उरलेली मोटर जे करू शकत होती तेच करत होती. रोबोट एकेका ठोकळ्यासमोर जाऊन, अदबीने थांबून, नमस्कार करून परत येत होता.

आधी मागची पोरं हसली, मग सगळा हॉल. माइकवरचा निवेदक म्हणाला, "याला म्हणतात संस्कार. बाकीचे रोबोट नुसते कामाचे, हा वळणाचा." काजलने वेळ संपेपर्यंत रोबोट थांबवला नाही. थांबवला असता तर हे बिघडलंय असं कबूल केल्यासारखं झालं असतं. तिने शेवटच्या ठोकळ्यालासुद्धा नमस्कार केला.

परीक्षक बाई टेबलापाशी आल्या. त्या चांगल्या होत्या, हे सगळ्यात वाईट होतं. "चालवतेस फार छान," त्या म्हणाल्या. "ग्रिपरला काय झालं?"

"नारळ उचलला, मॅडम," नवनीत म्हणाला.

"नारळ? कशाला?"

"सत्कारात."

बाईंनी काजलकडे पाहिलं. ती नाही म्हणेल अशी त्यांची अपेक्षा असावी. "पुढच्या वर्षी या," त्या म्हणाल्या.

"मी दहावीला आहे," काजल म्हणाली.

त्यांचा नंबर शेवटचा आला. सरांनी बाहेर जाऊन अण्णांना फोन केला. अण्णा प्रकाशालाच जेवायला थांबले होते. सर बराच वेळ हो म्हणत होते. मध्येच "हो, संस्कारांचं कौतुक झालं, माइकवरून झालं," असं एक वाक्य ऐकू आलं. काजलला तेव्हाच कळायला हवं होतं.

गावात शिरताना डीजे लागलेला होता. वेशीवर 'विभागात प्रथम' फडकत होता आणि खाली पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून घाईने हाताने लिहिलं होतं, 'संस्कार गटात'. वाऱ्याने पट्टीचा एक कोपरा आधीच सुटला होता. मिरवणूक शाळेपर्यंत पोचेतो ती उडून गेली.

स्टेजच्या पायऱ्यांपाशी शांतीलाल उभे होते. त्यांच्या डोक्यावर टोपी, गळ्यात उपरणं. टोपी नवी होती आणि त्यांना नीट बसली होती. वडिलांना इतकं ताठ उभं राहिलेलं काजलने कधी पाहिलं नव्हतं.

"पप्पा," ती म्हणाली, "आमना शेवटला नंबर उना."

"माहीत शे. सरले इचारं मी."

"मंग हाई काय?"

शांतीलाल डीजेकडे बघत राहिले. "अण्णा पहिला म्हनी ऱ्हायनात. गाव म्हनी ऱ्हायनं. मी एकलाच नही कसं म्हनू?"

काजलने विचार केला. दिवसभरात पहिल्यांदाच तिला एक फट दिसली. ती खोटी होती, पण फट होती. "पहिला म्हनजे तीनना आत उना ना, पप्पा," ती म्हणाली. "मंग धुळे."

वडिलांनी उपरण्याचं टोक सारखं केलं. उत्तर त्यांनी दिलं नाही, कारण तेवढ्यात माइकवरून अण्णांनी दिलं.

अण्णा म्हणाले की आज आनंदाचा दिवस आहे. संस्थेला या जूनपासून अकरावी विज्ञान मिळालं आहे. आपल्या गावची हुशार लेकरं बाहेर का जावीत? गावाचं नाव गावात राहिलं पाहिजे. आणि आपल्याला सांगायला अभिमान वाटतो की अकरावीचा पहिला प्रवेश आपल्या विभागात प्रथम आलेल्या काजलचा आहे. तिच्या वडिलांनी मघाशी, टोपी घालताना, शब्द दिलेला आहे.

टाळ्या झाल्या. शांतीलालांनी हात जोडले, वर केले, खाली आणले.

हरली तर गावात, हे आधीच ठरलेलं होतं. जिंकली तरी गावात, हे आता ठरलं. एवढं सगळं ठरलेलं असताना स्पर्धेला डिझेल कशाला जाळलं, असं नवनीत म्हणाला, पण डीजेमुळे ते फक्त रंजिताला ऐकू आलं.

काजलला वर बोलावलं गेलं. टेबलावर रोबोट होता, शाल गुंडाळलेला, हात वर राहिलेला. खाली आणायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. अण्णांनी शेंडीसकट नारळ उचलला. "दोन्ही हातांनी घे, बेटा," ते म्हणाले. फोटोवाला म्हणाला, "इकडे बघ. जरा हस."

नारळ जड होता. काजलने तो धरला. घट्ट धरला, आवाज येईल म्हणून वाट पाहिली. आतून कुठूनही काही आलं नाही. फोटो चांगला निघाला. जूनमध्ये 'प्रवेश सुरू' च्या फ्लेक्सवर तोच लागला, मोबाइल कानाला लावलेल्या अण्णांच्या शेजारी, जरा लहान.