आजोबांनी पुसलं, मी जपलं

या मित्रांनो, जरा जवळ सरका. मांडी घालून स्वस्थ बसा. चुळबुळ करायला मी आहे की! आज तुम्हांला अशा एका दुपारची गोष्ट सांगतो, जेव्हा मला सगळं ठाऊक होतं आणि सांगता काहीच येत नव्हतं.

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. माझा पांढरा रंग पिवळा पडलाय, पंखा दमेकऱ्यासारखा घरघरतो, कीबोर्डवरची अक्षरं बोटांनी झिजवून टाकलीत. एका कारखान्यात माझे सुटे भाग जोडले, दुकानाच्या काचेआड थोडे दिवस मिरवलो आणि या घरात खिडकीखालच्या टेबलावर आलो. तेव्हा काय माझा थाट! अंगावर झालरीचं कापड. घरातली सून शाळेत शिकवते, ती माझ्यावर प्रश्नपत्रिका टाइप करी. तिची मुलगी अभ्यास करी. मग लॅपटॉप आला, प्रत्येकाच्या हाती मोबाइल आले आणि माझ्या डोक्यावर इस्त्रीचे कपडे साचू लागले. चालायचंच.

पण आजोबांनी मला सोडलं नाही. आजोबा म्हणजे सुनेचे सासरे. लोखंडी दांडा गरगर फिरवून त्याला आकार देणारं लेथ नावाचं यंत्र असतं, त्यावर त्यांनी कारखान्यात उभा जन्म काढला. पाळी संपली की लोखंडाचा चुरा झाडायचा, तेलाचा बोळा फिरवायचा, मगच घरी. पुढच्या माणसाच्या हाती यंत्र स्वच्छ पडलं पाहिजे, हीच त्यांची पूजा. देव कुठे असतो असं लोक विचारतात. मला विचाराल तर तो त्या तेलकट बोळ्यात होता.

नातीने त्यांना इंटरनेट शिकवलं. पाहिलेल्या पानांची हिस्टरी कशी पुसायची, तेही सांगितलं. झालं! रोज उठताना आजोबा आधी हिस्टरी पुसणार, मग फडक्याने माझी काच.

सुनेच्या मनात पाल चुकचुकली. रोज पुसतात म्हणजे काहीतरी लपवत असणार!

अशातच एकदा खोली आवरताना ती म्हणाली, "बाबा, हा डबा आता भंगारात देऊन टाकू या. नुसती जागा अडवतोय."

"खरंय सूनबाई. जुनं झालं की जागा अडतेच."

"अहो, मी कॉम्प्युटरबद्दल बोलतेय!"

"मी तरी दुसऱ्या कोणाबद्दल बोलतोय?"

असं म्हणत ते हसले; पण जेवताना त्यांनी ताटावरून मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सून शाळेतून आली तर आजोबा घरात नाहीत. मोबाइल टेबलावर, शेजारी हृदयाच्या गोळ्यांची डबी. एकट्याने बाहेर पडू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. बाग झाली, वाचनालय झालं, न्हाव्याचं दुकान झालं. कुठेच नाहीत. सुनेच्या पायाखालची जमीन सरकली.

"वृद्धाश्रम तर शोधत नव्हते ना गं?" ती मुलीला म्हणाली. "माझ्या जिभेला हाड म्हणून नाही!"

नातीने मला चालू केलं, हिस्टरी उघडली. कोरी करकरीत.

मित्रांनो, तेव्हाची माझी तगमग काय सांगू! आजोबा कुठे गेलेत हे माझ्या पोटात होतं. पण देवाने मला तोंड दिलं नाही. विचाराल तेवढंच दाखवायचं, हा माझा जन्म. मी पंखा जोरात फिरवला, दिवा लुकलुकवला.

"घ्या! याला पण आत्ताच मरायचंय," सून म्हणाली. "एक थोबाडीत दे त्याच्या."

"आई, थांब. याच्यात पुसलेलं सगळंच जात नाही."

पोरगी हुशार! माझ्या पोटात काही कप्पे एरवी कुणाला न दिसणारे आहेत. इंटरनेटची पानं दाखवणारा माझा ब्राउझर आपल्या नोंदी तिथेही टाकत असतो. वरची यादी पुसली तरी माझ्यासारख्या जुन्याच्या तळाशी त्यांतल्या काही तशाच पडून राहतात.

नातीने लपवलेल्या फायली दाखवायला सांगितलं. पुसटसे फोल्डर वर आले. पहिला रिकामा. दुसऱ्यात चित्रांचे तुकडे.

"अगं, आटप ना!"

"आई, तू आधी माझ्या डोक्यावरून बाजूला हो बघू."

तिसऱ्यात ती फाईल सापडली. निम्मी अक्षरं न कळणारी, पण मधूनमधून पाहिलेल्या पानांचे पत्ते. नात एकेक उघडू लागली. आजोबांचा बंद पडलेला कारखाना. तिथल्या यंत्रांची भंगारविक्री, तारीख आजची. बसचं वेळापत्रक. आणि पुन्हा पुन्हा पाहिलेलं एक पान: लोखंडावरचा गंज कसा काढावा.

सून गोळ्यांची डबी उचलून धावतच सुटली. मागोमाग नात. मला बंद करायचंही कुणाला सुचलं नाही. मी तसाच घरघरत दाराकडे बघत राहिलो.

पुढचं नातीच्या तोंडून ऐकलेलं. कारखान्याच्या आवारात, भंगाराच्या ट्रकशेजारी, आजोबा बाह्या सारून आपलं लेथ पुसत होते. घामाने डबडबलेले, ओठ पांढरेफटक. सुनेने आधी त्यांना गोळी दिली, सावलीत बसवलं, मग कडाडली, "सांगून यायला काय झालं होतं?"

"तू म्हणाली असतीस, भंगार पुसून काय मिळणार?"

"म्हणालेच असते," सून म्हणाली. मग तिने तो तेलकट बोळा उचलला. "कुठली बाजू राहिलीय, बाबा?"

मी भंगारात गेलो नाही. त्यानंतर आजोबा कितीतरी दिवस माझ्यासमोर बसले. आता ती खुर्ची रिकामी असते. सून कधीमधी येते, प्रश्नपत्रिका टाइप करते, उठताना माझी काच पुसते. तळातल्या त्या फाईलला मात्र ती कुणाला हात लावू देत नाही.

मित्रांनो, कुणी आपलं काही पुसून ठेवत असेल तर त्याला लगेच चोर समजू नका. आधी विचारा. माणसाला तोंड दिलंय देवाने, माझ्यासारखं नाही. आणि काम संपवून उठाल तेव्हा आपल्या जागेवरून एकदा फडकं फिरवा. फिरवताना आमच्या आजोबांची आठवण तेवढी काढा.